सापडले म्हणजे आपले झाले काय?

वस्तू हरवली की मनुष्य कष्टी होतो आणि सापडली की हरखतो. हा अनुभव लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सर्वांना आहे. परंतु आपली हरवलेली वस्तू आपल्याला सापडणे निराळे, आणि जिचा धनी मरून शेकडो वर्षे झाली अशी दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती लागणे निराळे. पहिल्या ठिकाणी आनंद निर्मळ असतो. दुसऱ्या ठिकाणी आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्न दाराशी येऊन उभा राहतो, की हे आता कोणाचे? या प्रश्नाचा विचार करण्याचे निमित्त आम्हाला नुकतेच मिळाले. तो विचार वाचकांपुढे ठेवतो.

आमचे एक माळकरी स्नेही तरुणपणी सोलापूर जिल्ह्यातून इंग्लंडात गेले. कारखान्यात यंत्रे जुळवण्याचे काम त्यांनी जन्मभर केले आणि आता निवृत्त होऊन तेथेच मुलाजवळ राहतात. त्या देशात धातुशोधक यंत्र घेऊन नांगरलेल्या शेतांतून हिंडण्याचा छंद पुष्कळांना आहे. लांब दांड्याच्या टोकाला ताटलीसारखे चाक, कानाला ऐकण्याचे साधन, कमरेला छोटी कुदळ. जमिनीत कोठे धातू असला की यंत्र वाजते, मग खणून पाहायचे. आमच्या स्नेह्यांनाही ऐन उमेदीत हा नाद होता. पुढे पंढरीला येऊन त्यांनी माळ घातली, आणि हे काही आपल्याला शोभत नाही असे वाटून यंत्र पोटमाळ्यावर टाकले. त्याला अठरा वर्षे झाली.

गेल्या वर्षी त्यांची पत्नी निवर्तली. घर खायला उठते. डॉक्टर रोज चाला म्हणून सांगतात, पण पाय उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. अशात ओळखीच्या एका शेतकऱ्याने आपण होऊन म्हटले, ‘पीक निघाले आहे, पूर्वीसारखे यंत्र घेऊन या.’ स्नेह्यांनी यंत्र खाली काढले, पुसले आणि तेथेच अडले. कारण त्यांच्या भजनी मंडळातल्या एका वडीलधाऱ्यांनी बोलून दाखवले, ‘अहो, वारकऱ्याला सोने मातीसारखे. आणि तुम्ही मातीत सोने हुडकत फिरणार? मग गळ्यातली माळ कशाला?’ हे बोलणे त्यांच्या जिव्हारी लागले. त्यांनी आम्हाला लिहिले, ‘बुवा, तुम्ही सांगाल तसे करीन. यंत्र पुन्हा हाती धरू, की मोडीत घालू?’

प्रश्न छोटा दिसतो खरा, पण आक्षेप छोटा नाही. आपल्या संप्रदायाचे बळच निर्लोभतेत आहे. तुकोबारायांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीच्या डोहात सोडली. राका आणि बंका यांची कथा तर आम्ही कीर्तनकार पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. वाटेत सोने पडलेले पाहून, मागून येणाऱ्या बायकोचे मन चळू नये म्हणून राकाने त्यावर माती लोटली. बंका जवळ येऊन म्हणाली, मातीवर माती कशाला घालता? गीतेनेही योग्याचे लक्षण सांगताना ढेकूळ, दगड आणि सोने यांना एका पंक्तीला बसवले आहे. असे असता, जेथे सोने दिसतसुद्धा नाही तेथे यंत्र लावून ते उकरून काढणे हे कोणत्या शास्त्रात बसते? पूर्वपक्ष असा मांडला म्हणजे उत्तर देणाऱ्याने घाई करू नये.

प्रथम ते यंत्र काय आहे ते पाहू. चाकात तारेचे वेटोळे असते आणि त्यातून वीज उलटसुलट खेळवलेली असते. त्यामुळे भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते जमिनीतल्या धातूला भिडले म्हणजे त्या धातूत सूक्ष्म वीज फिरू लागते, आणि तिचा प्रतिसाद यंत्र पकडून नादात उमटवते. लोखंडाचा नाद बहुधा खर्जातला, चांदीचा वरच्या पट्टीतला. जाणता माणूस आवाजावरून पुष्कळ ओळखतो. मात्र गंमत अशी, की सोन्याची लहानशी अंगठी आणि सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद यांचा नाद जवळजवळ सारखा असतो. कचरा नको म्हणून यंत्राचा तेवढा कान बंद केला, तर सोन्यालाही मुकावे लागते. म्हणून या छंदाच्या माणसाला शंभर वेळा वाकावे लागते, आणि त्यातल्या नव्वद वेळा हाती येतात ते खिळे, घोड्याच्या नालेचे तुकडे, बंदुकीच्या टोप्या आणि शीतपेयाच्या डब्यांच्या कड्या. लोभ्याला हा धंदा परवडायचा नाही. दोन पावसाळ्यांत तो कंटाळून घरी बसेल.

यंत्राचा जन्मही लोभातून झालेला नाही. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कोठे अडकली ते सापडेना. तेव्हा टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी धातू ओळखणारे यंत्र तयार करून रुग्णाच्या अंगावरून फिरवले. डॉक्टरांचा आग्रह की गोळी उजवीकडेच आहे, म्हणून तिकडेच शोध झाला. गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ केला, तो निराळाच. गोळी निघाली डावीकडे, तीही मृत्यूनंतर. पुढे दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने जमिनीतले सुरुंग शोधणारे हातातले यंत्र बनवले. १९४२ साली एल अलामीनच्या रणात ते सैन्याच्या कामी आले. कोसात्स्कीने त्याचे एकस्व घेतले नाही. ते ब्रिटिश सैन्याला तसेच देऊन टाकले. एकाने प्राण वाचवण्यासाठी शोधले, दुसऱ्याने प्राण वाचवण्यासाठी शोधून वर हक्कही सोडला. तेव्हा दोष यंत्राकडे जात नाही. सुरीने भाजी चिरतात आणि गळाही चिरतात, इतकाच त्याचा अर्थ.

मग दोष कोठे शिरतो? आमच्या मते तो शोधताना शिरत नाही. वस्तू हाताला लागल्यावर पहिला विचार जो येतो, तेथे तो शिरतो. यासाठी त्याच देशातल्या काही घडलेल्या गोष्टी ऐका.

इंग्लंडच्या सफक परगण्यात हॉक्स्नी नावाचे खेडे आहे. १९९२ सालच्या नोव्हेंबरात तेथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याचा मित्र माळीकाम करून निवृत्त झालेला. त्याच्याजवळ धातुशोधक यंत्र होते. मित्राचा हातोडा शोधून द्यावा म्हणून तो शेतात गेला, आणि यंत्र वाजले ते रोमन काळच्या ठेव्यावर. सोन्याचांदीची सुमारे १५,००० नाणी, आणि शिवाय चमचे, दागिने, भांडी मिळून २०० च्या आसपास वस्तू. आता विचार करा. रान मोकळे, जवळ कोणी नाही, मातीखाली एवढे धन. त्या माणसाने काय केले? थोडे वर काढल्यावर हा ठेवा मोठा आहे असे कळताच तो खणायचा थांबला. कळवायचे त्यांना कळवले. दुसऱ्या दिवशी पुराणवस्तूंचे जाणकार आले आणि त्यांनी सर्व ठेवा जागच्या जागी पाहून, नोंदून, मग उचलला. पेटी कशी होती, कोणत्या वस्तूवर कोणती वस्तू रचली होती, हे म्हणूनच आज सांगता येते. सरकारने शोधणाऱ्याला साडेसतरा लाख पौंड बक्षीस दिले. कायद्याने बंधन नसताना त्याने त्यातला वाटा शेतकरी मित्राला दिला. आणि तो हातोडाही मागाहून सापडला. आज तो ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

त्या ठेव्यात एका सोन्याच्या बांगडीवर जूलियाना या बाईचे नाव कोरलेले आहे. मिरी ठेवण्याची चांदीची चार सुबक भांडीही त्यात आहेत. मिरी त्या काळी आपल्या मलबार किनाऱ्यावरून जहाजांनी तिकडे जात असे. म्हणजे बघा, आपल्याकडच्या वेलीवरची मिरी त्या घरच्या ताटात पडत होती. पाचव्या शतकात रोमन सत्ता ढासळू लागली, धामधूम माजली, आणि त्या घरच्या माणसांनी हे सगळे पेटीत भरून पुरले. परत येऊन काढू, असा त्यांचा बेत असणार. ते परत आले नाहीत. प्रत्येक पुरलेल्या ठेव्यामागे अशी एखादी न झालेली परतभेट असते. ज्याच्या ध्यानात हे आले, तो ‘मला घबाड मिळाले’ म्हणून नाचणार नाही. कोणाच्या तरी अडल्या वेळची वस्तू आपण हातात धरली आहे, एवढे समजून तो क्षणभर गप्प उभा राहील.

दुसरी गोष्ट २०१५ सालची. त्या एका वर्षात इंग्लंडात एकाच काळचे दोन ठेवे निघाले. ऑक्सफर्डशायरमध्ये वॉटलिंग्टनजवळ एका हौशी शोधकाला जवळजवळ २०० नाणी व चांदीच्या कांबी सापडल्या. त्याने रीतसर कळवले आणि तो ठेवा मातीच्या गोळ्यासकट उचलून प्रयोगशाळेत नेला गेला. हेरेफर्डशायरमध्ये लेमिन्स्टरजवळ दोघा शोधकांना तसाच ठेवा मिळाला, सुमारे ३०० नाण्यांचा असावा असे मानतात. त्यांनी तो लपवला आणि गुपचूप विकायला काढला. २०१९ साली न्यायालयाने त्यांना अनेक वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा दिली. पण नाणी? तोवर तिसाच्या आसपासच परत मिळाली होती. बाकीच्यांतली पुष्कळशी कोठे गेली, कोणास ठाऊक.

यात केवळ चांदी गेली असे समजू नका. या नाण्यांपैकी काहींवर दोन राजे शेजारी शेजारी बसलेले दाखवले आहेत. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा चेओलवुल्फ यांनी एकाच छापाची नाणी पाडली होती. आल्फ्रेडच्या बाजूच्या बखरकारांनी चेओलवुल्फला मूर्ख आणि परचक्राच्या हातचे बाहुले ठरवले होते, आणि अकराशे वर्षे तेच खरे मानले गेले. ही नाणी साक्ष देतात की दोघे एकेकाळी जोडीदार होते. अहो, मेलेल्या माणसाची निंदा खोडून काढणारा पुरावा मातीने इतकी वर्षे जपला. एका शोधकाने तो जगापुढे ठेवला आणि दुसऱ्या दोघांनी त्यातला बराचसा बाजारात फुंकला. परनिंदा आपल्याकडे महापातकात धरतात. निंदेतून सोडवणारी साक्ष बुडवणे हे त्याच्याच जवळपासचे पातक होय.

आता शास्त्राकडे वळू. आपल्या धर्मशास्त्राने सापडलेल्या निधीचा विचार केलेला नाही असे कोणी समजू नये. धनी बेपत्ता असलेली वस्तू राजाने तीन वर्षे राखून ठेवावी आणि धनी आला तर खूण पटवून त्याला द्यावी, असे मनूने सांगितले. याज्ञवल्क्याने निधीचे प्रकरण निराळे सांगितले आहे. त्यावर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने मिताक्षरा टीका लिहिली, तिच्या मते सामान्य माणसाला निधी सापडल्यास राजाने त्याला सहावा हिस्सा द्यावा. मात्र सापडल्याचे न कळवता दडवले आणि उघडकीस आले, तर निधीही जावा आणि दंडही व्हावा. इंग्लंडचा १९९६ चा निधीचा कायदा याहून फार वेगळा नाही. तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू सापडली तर चौदा दिवसांच्या आत कॉरोनरला कळवावे लागते. संग्रहालयाला वस्तू हवी असली तर तिची किंमत ठरते, आणि ती बहुधा शोधणारा व जमीनमालक यांच्यात निम्मी निम्मी वाटली जाते. ज्या लहानसहान वस्तू या कायद्यात बसत नाहीत, त्यांचीही नोंद करणारी योजना १९९७ पासून तेथे चालू आहे. लोकांनी आपण होऊन दाखवलेल्या १५ लाखांहून अधिक वस्तू तिच्या दप्तरी आल्या आहेत. विज्ञानेश्वराचा आणि त्या लोकांचा कधी संबंध आला नाही. तरी दोघांनी कळवण्यावरच बोट ठेवले, कारण धर्माची कसोटी तेथेच लागते.

आता त्या वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाचे उत्तर. तुकोबारायांनी खते बुडवली हे खरे. पण कोणती? आपल्या वाट्याची. धाकट्या भावाच्या वाट्याची खते त्यांनी त्याच्या हाती दिली, असे चरित्रकार सांगतात. हा बारकावा कीर्तनात अनेकदा निसटतो. सोने माती मानायचे ते आपल्या मालकीचे. दुसऱ्याचे सोने माती मानून त्याची हेळसांड करण्याचा अधिकार वैराग्य कोणाला देत नाही. राका-बंकांच्या वाटेवर तर सोने ठेवणारा देवच होता. तेथे कोणी गरीब वाटसरू आपली थैली शोधत रडत येणार नव्हता. शेतात सापडलेली वस्तू ही ठेव आहे. ठेव जिचे नाव, तिला हात लावताना तिच्या धन्याची आठवण हवी. धनी मेला असेल तर त्याचा वारसा ज्या लोकांकडे आला, त्यांची हवी.

आणखी एक सांगतो. सोने मातीसारखे, हे आपण नेहमी म्हणतो. हीच समता उलट बाजूने पाहिली आहे का? सोने आणि माती समान असतील, तर मातीही सोन्याच्या तोलाची ठरली. वस्तू ज्या मातीत, जितक्या खोल, जिच्या शेजारी पडलेली असते, ते सर्व मिळून तिची हकीकत होते. माती घाईने उकरली की ती हकीकत कायमची पुसली जाते. ज्या प्रवरेच्या काठी नेवाशात माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तेथे एका भिल्ल गावकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना तांब्याच्या ओतीव मूर्ती मिळाल्या. हाती यंत्र नाही, मनात लोभ नाही. रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस, सगळे मिळून ६० किलोंहून अधिक वजन. पुष्कळ विद्वान त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. पण शास्त्रशुद्ध उत्खननात, थर पाहून त्या निघाल्या नाहीत, म्हणून काळाविषयी काहींना शंका राहिली आणि वाद झाला. मूर्ती हाताला लागल्या, मातीची साक्ष मात्र घेता आली नाही. लोभी माणूस सोने उचलतो आणि माती लाथाडतो. ज्याला दोन्ही सारखी, तो मातीलाही जपतो. खरा समदर्शी कोण, हे आता निराळे सांगायला नको.

छांदोग्य उपनिषदात याच संदर्भात एक दृष्टांत आहे. शेतात सोन्याचा निधी पुरलेला असावा, आणि ज्यांना त्या जागेची ओळख नाही त्यांनी त्याच्यावरून रोज ये-जा करावी, तरी त्यांना तो मिळू नये. तसे सर्व जीव रोज त्या ब्रह्माजवळ जातात आणि त्याला जाणत नाहीत. ऋषींना दृष्टांतासाठी नांगरलेले शेत आणि पायाखालचे धन आठवले. जो माणूस सहा घटका मान खाली घालून, कान देऊन, एकेक पाऊल टाकत शेत चालतो, त्याला हा दृष्टांत गादीवर बसून ऐकणाऱ्यापेक्षा लवकर कळेल. तेवढे ध्यान नामाकडे लागले तर आणखी काय हवे?

पण येथे आपल्या देशातल्या वाचकांना एक इशारा दिला पाहिजे. हे वाचून कोणी यंत्र मागवून गडकोटांवर आणि पडक्या देवळांत फिरू लागेल, तर ते पाप आमच्या माथी नको. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. त्यात दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत सापडल्यास कलेक्टरला कळवणे आवश्यक ठरवले आहे. संरक्षित स्थळांसाठी १९५८ चा आणि पुराणवस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे. आणि गुप्तधनाच्या नावाने आपल्या गावागावांत जे चालत आले, त्याची तर लाज वाटावी. मांत्रिक आणायचे, अमावस्या धरायची, लिंबे कापायची आणि वेळ आली तर जिवावर उठायचे. २०१३ साली महाराष्ट्राला नरबळी व जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, त्यात गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचाही समावेश आहे. इंग्लंडातही परवानगीवाचून रात्री शेतात शिरणारे चोर आहेतच. लोभाला देश नसतो.

राहिला एक शेवटचा मुद्दा. सोडलेले पुन्हा धरावे काय? टाकलेले पुन्हा घेणे याला आपल्याकडे ओकलेले खाण्याची उपमा देतात, म्हणून स्नेह्यांचे मन कचरते. यात विवेक असा करावा. देवापुढे हात जोडून, अमुक वस्तूला शिवणार नाही असा संकल्प केला असेल, तर तो मोडू नये; कोणतेही कारण सांगू नये. पण त्यांनी तसा संकल्प केलेला नाही. शोभत नाही असे वाटले म्हणून यंत्र बाजूला ठेवले, इतकेच. मग त्यांनी स्वतःला विचारावे, अठरा वर्षांपूर्वी आपण काय सोडले, यंत्र की हाव? यंत्र सुटले आणि हाव राहिली असेल, तर ती पोटमाळ्यावरही त्यांच्याबरोबरच राहिली आहे आणि यंत्र मोडीत घालून ती जायची नाही. हाव सुटली असेल, तर ते यंत्र आता म्हातारपणची काठी आहे. काठी टेकून शेतात चालण्याला कोणत्या संताची मनाई आहे?

हे ओळखायचे कसे? सोपी परीक्षा सांगतो. आज केवळ खिळेच मिळणार असे आधी ठाऊक असते, तरी गेलो असतो का? आणि सोने मिळाले, तर शेतकऱ्याला हाक मारायला पाऊल आपोआप वळेल, की आधी इकडेतिकडे पाहिले जाईल? या दोन प्रश्नांची उत्तरे मनाशी नीट लागली, तर त्यांनी खुशाल यंत्र हाती घ्यावे. शेताच्या धन्याची लेखी परवानगी घ्यावी आणि वाट्याचे आधीच बोलून ठेवावे. सरकारने राखलेल्या जागी पाऊल टाकू नये. नांगराच्या थराखाली वस्तूंचा साठा दिसला तर हात मागे घ्यावा आणि जाणकारांना बोलवावे. खणलेला खड्डा बुजवून गवताचा पापुद्रा परत बसवावा. सापडलेला कचरा पिशवीत घालून घरी न्यावा. दुसऱ्याच्या शेतातले खिळे आणि काचा वेचणे हीही सेवाच आहे. बक्षिसाचा पैसा आलाच, तर त्याचा विनियोग कसा करावा हे माळकऱ्याला शिकवायला नको.

आणि ज्या वडीलधाऱ्यांनी त्यांना हटकले, त्यांच्यावर राग धरू नये. त्यांचे बोलणे कडू असले तरी हिताचे होते. त्यांनी हटकले म्हणूनच हा एवढा विचार झाला. उलट एखाद्या दिवशी त्यांनाही बरोबर न्यावे. एकाने यंत्र धरावे, दुसऱ्याने टाळ घ्यावेत, आणि दोघांनी नांगरटीच्या कडेने नाम घेत चालावे. काही सापडले तर दोन साक्षीदार होतील, आणि नाही सापडले तर भजन कोठे वाया गेले?

राम कृष्ण हरी.